दुसरी बत्तिशी

१

कवळीवाल्यांना कशाची घाण वाटत नसे. एक्केचाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडातून निघालेल्या वस्तू हाताळल्या होत्या. दातांच्या डॉक्टरीणबाई थुंकीने ओली मापं डब्यात घालून पाठवायच्या. जुनी कवळी दुरुस्तीला आली की तिच्या फटीत आठवड्यापूर्वीचं जेवण सापडायचं. कवळीवाले ते टाचणीने उकरत, फडक्याला पुसत आणि त्याच टेबलावर आपला डबा उघडत. कामाला ठेवलेली माणसं चार दिवसांत पळून जायची. "नाजूक लोक," एवढंच ते म्हणत.

कारखाना पुढे, घर मागे, मधे एक दार. कारखाना म्हणजे एक लांब खोली. प्लास्टरच्या जबड्यांची फळी, मेणाचा चुलाणा, दात कोरणारी मशीन आणि तिला हुकूम देणारा एक जुना कॉम्प्युटर. शाळा सातवीला सुटली होती, पण हे सगळं ते शिकले होते. कोणी शिकवलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

एक काम मात्र अडलं होतं. सात महिन्यांपूर्वी जबड्याच्या दुखण्यात त्यांच्या बायकोचे सगळे दात काढावे लागले होते. तेव्हापासून ती पातळ पेज पिऊन होती. अंगावरचं मांस उतरलं होतं. गावभराच्या तोंडात दात बसवणाऱ्याची बायको बोळकी. त्यांनी हाताने दोन कवळ्या केल्या. दोन्ही टोचल्या, हिरड्यांना फोड आले.

"प्लास्टरचं माप नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिची हिरडी नुसत्या दाबाने हलते. माझा नवा स्कॅनर घेऊन जा. तोंडात फिरवला की स्क्रीनवर सगळं दिसतं."

स्कॅनर आला. जुन्या कॉम्प्युटरने त्याला ओळख दाखवली नाही. आणि नवी सिस्टीम टाकावी, तर कोरणारी मशीन नवीला जुमानणार नव्हती. तिला पंधरा वर्षं जुनीच सिस्टीम लागायची.

त्यांनी मुलीला बोलावलं. ती एका कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायची.

२

"जुनी पुसून नवी टाकू?" मुलीने विचारलं.

"जुनीला हात लावायचा नाही."

"मग दोन्ही ठेवू. एकाच डिस्कवर, शेजारी शेजारी. घराचे हिस्से करतात तसे."

"भांडण झाल्याशिवाय घराचे हिस्से होत नाहीत."

"इथे आधी हिस्से, मग भांडण," मुलगी हसली.

तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत राखाडी लोकर साचली होती, नमद्यासारखी घट्ट, अधूनमधून केस. मुलीने नाक दाबलं. "यात निम्मी माणसाची कातडी असते, बाबा. अंगावरून झडलेली." कवळीवाल्यांनी ती लोकर बोटांनी ओढून काढली, गोळा केला, टोपलीत टाकला, हात पँटला पुसले.

दुपार त्यात गेली. मुलीने डिस्कचे तीन भाग केले. जुनी सिस्टीम एका बाजूला सरकवली, नवी दुसऱ्या बाजूला बसवली. मधे एक भाग दोघींना सामायिक. गिऱ्हाइकांच्या तोंडांच्या सगळ्या फाइली तिने तिथे नेऊन ठेवल्या. आता कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत: जुनी की नवी. दहा सेकंदांत निवडायचं.

"म्हणजे एक चालू असताना दुसरी काय करते?"

"काही नाही. ती नसतेच. पण बाबा, एक लक्षात ठेवा. जुनीतून उठताना तिला पूर्ण बंद करायची. झोपवायची नाही. झोपवलेल्या सिस्टीमला कळत नाही मधे काय झालं ते. तिला वाटतं, आपण डोळे मिटले तेव्हा होतं तेच आहे. तुम्ही नवीतून त्याच फाइली बदलल्या आणि मग ती उठली, तर सगळी सरमिसळ होईल."

"बरं."

"बरं नाही. झोपवायची नाही."

"एकदा सांगितलेलं कळतं मला."

कळलं होतं. पण पूर्ण बंद केलं की कोरणारी मशीन आपली जागा विसरायची आणि ती परत शोधायला वीस मिनिटं घरघरत राहायची. म्हणून पंधरा वर्षं कवळीवाले कॉम्प्युटर झोपवतच आले होते. स्वतःच्या कारखान्यात स्वतःच्या पोरीचा हुकूम पाळायची त्यांना सवय नव्हती.

मुलगी गेली. त्यांनी जुनी सिस्टीम लावली आणि 'घरचं' नावाची फाइल उघडली. चार वर्षांपूर्वी बायकोच्या एका दाढेवर टोपी बसवायची होती, तेव्हा तिच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे करून त्यांनी या कॉम्प्युटरात उतरवून ठेवले होते. वरचे चौदा, खालचे चौदा. डावा सुळा जरा तिरका. हेच दात तिला परत द्यायचे, नवे सरळ नकोत, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बोलून दाखवलं नव्हतं.

मग फाइल तशीच उघडी ठेवून त्यांनी जुनीला झोपवलं.

३

सकाळी नवी सिस्टीम लावली आणि बायकोला खुर्चीत बसवलं.

"तोंड उघड."

"जन्मभर बंद कर म्हणालात."

"आता उघड म्हणतोय. घे."

स्कॅनर टूथब्रशएवढा होता. तो हिरडीवरून फिरवला की स्क्रीनवर हिरडी उमटत जायची, ओली, गुलाबी, जागच्या जागी. बायको डोळे मिटून बसली होती. तिचं तोंड त्यांनी कितीदा पाहिलं होतं. दुखणं चालू असताना तिच्या जखमा त्यांनीच धुतल्या होत्या, पू पुसला होता, कधी हात आखडला नव्हता. "तुमच्यासारखं कोणी करणार नाही हो," ती तेव्हा म्हणाली होती. त्यांनी बोळा बदलला होता.

माप उत्तम आलं. नाव काय द्यायचं? 'घरचं'. सामायिक भागात त्या नावाची एक फाइल होतीच. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं. त्यांनी 'हो' दाबलं.

दुपारी जुनी सिस्टीम लावली. ती झोपेतून उठली आणि काल सोडलेलं जसंच्या तसं समोर आलं. वर चौदा, खाली चौदा, तिरका सुळा. कवळीवाल्यांनी चष्मा वर सारला आणि माऊसने जबडा फिरवला.

खालच्या दातांच्या मधे काहीतरी होतं.

त्यांनी ते जवळ आणलं. करड्या रंगाचं, फुगीर, मधोमध खाच असलेलं. कडा दातांना टेकून जरा दबलेल्या. पाहताक्षणी ते काय आहे हे कळलं, कारण त्यांनी ते रोज पाहिलं होतं. पण इथे ते असायला नको होतं. हे माप माणसाच्या तोंडाचं नव्हतं, साच्याचं होतं.

प्लास्टरला जीभ नसते.

४

नव्या मापातली जीभ जुन्यात घुसली असणार. सरमिसळ. त्यांनी स्वतःला समजावलं आणि ते पटलंही. फक्त सकाळी स्कॅन करताना बायकोची जीभ त्यांनी आरशाने बाजूला दाबून धरली होती. नव्या मापात जीभ आलीच नव्हती.

मुलीला फोन लावला.

"झोपवत नाही ना तुम्ही?"

"नाही."

"बाबा?"

"नाही म्हटलं ना."

"मग फाइलींची नावं एकसारखी दिली असतील. एक पुसून टाका. आईचं कसं आहे?"

"ठीक आहे."

ठीक होतं, एवढं खरं. त्या आठवड्यात तिच्या गालांवर जरा रंग आला होता. पेज घेताना वाटी लवकर रिकामी होत होती. "हिरड्या शिवशिवतात," ती म्हणाली. "दात येताना पोरांना होतं ना, तसं." त्यांनी पाहिलं. हिरड्या कोऱ्या होत्या.

कवळीवाले फाइल पुसणार होते. पण पुसली तर तिरका सुळाही जाणार. साचा तर कधीच फुटला होता. म्हणून रोज सकाळी नवीत हिरडी बघायची, दुपारी जुनीत दात जुळवायचे आणि उठताना जुनीला झोपवायचं, हे चालू राहिलं. रोज दुपारी जीभ थोडी वेगळी पडलेली असे. एकदा ती सुळ्याला टेकलेली होती. एकदा तिचं टोक वर वळलेलं होतं. त्यांनी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं. दातांपुरतं बघायचं, बाकी झाकून घ्यायचं. तरी काम झाल्यावर माऊसवरचा तळवा ओला लागायचा. ते वास घ्यायचे. घाम असावा.

एका दुपारी दारापलीकडून आवाज आला. कोणीतरी कडक काहीतरी चावत होतं. सावकाश, नीट दळून. मधे थांबायचं, गिळायचं, परत चावायचं.

ते उठून दारात गेले. बायको खाटेवर बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. ओठ मिटलेले.

"काय चावतेस?"

तिने वर बघितलं. "कशाने चावू?" आणि बोळकं उघडून दाखवलं, हसली.

हसताना तिच्या तोंडाचा वास आला. चार हातांवरून. तो आजाराचा वास नव्हता, तो त्यांना पाठ होता. हा भरल्या पोटाच्या, झोपून उठलेल्या माणसाचा वास होता. गेल्या एक्केचाळीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. कवळीवाल्यांनी तोंड फिरवलं.

५

डोळ्यांचा दोष म्हणायला वाव होता. हातात आलेल्या वस्तूचं तसं नसतं.

दात जुळून झाले. त्यांनी कोरणाऱ्या मशीनमध्ये नवी पांढरी चकती लावली, झाकण खाली केलं, काम सुरू केलं आणि जेवायला गेले. मशीन दोन तास घेते. आतून नेहमीसारखी किरकिर येत होती.

परत आले तेव्हा झाकणाच्या काचेला आतून वाफ धरली होती. ही मशीन कोरडी चालते, तिला पाणी नसतं. त्यांनी झाकण उचललं.

चकतीत दात होते. मोजले, अठ्ठावीस. सुळा तिरका. कोरीव काम असं की हाताने जन्मात झालं नसतं. पण कवळीचा दात हिरडीपाशी संपतो. या दातांना मुळं होती. लांब, पिवळट, दाढांना दोन-दोन, तीन-तीन, टोकाला वाकलेली. कडा झिजलेल्या होत्या. आतल्या अंगाला तपकिरी थर होता, नखाने खरवडला तर नखात आला. पांढऱ्या चकतीत तपकिरी रंग कुठून आला, हे ते उभ्या उभ्या शोधत राहिले. सापडलं नाही.

एक दाढ त्यांनी चिमटीत धरून उचलली. ती कोमट होती. मशीनची ऊब असेल, म्हणून गालाला लावून पाहिली. तिच्या दोन मुळांच्या मधून एक चिकट धागा लोंबत होता. तो लांबला, तुटला आणि त्यांच्या ओठावर पडला.

कवळीवाले टोपलीपाशी पोचलेसुद्धा नाहीत. जेवलेलं सगळं फरशीवर गेलं. ते भिंतीला धरून उभे राहिले आणि परत ओकले. ओठ त्यांनी आधी बाहीने पुसला, मग साबणाने, मग मेण पुसायच्या स्पिरिटने. कातडी जळाली तेव्हा थांबले.

आतून बायकोने विचारलं, "अहो, काय झालं? बरं नाही का?"

"बाहेर येऊ नको."

"मी पुसते ना."

"येऊ नको म्हटलं!"

दात त्यांनी कागदात गुंडाळले, कागद पत्र्याच्या डब्यात आणि डबा लांबच्या उकिरड्यावर. हाताने नाही. चिमट्याने.

६

परत येऊन त्यांनी मुलीला खरं सांगितलं. दातांचं नाही. झोपवत होतो, एवढंच.

ती ओरडली नाही. तेच त्यांना जास्त लागलं. मग म्हणाली, "जुनी काढून टाकायची आहे का?"

"हो."

"मी संध्याकाळी येऊन पुसते. पण आधी तिला पूर्ण बंद करून ठेवा. झोपलेली पुसता येत नाही, अर्धं काहीतरी अडकून राहतं. उठवा, बंद करा, बस."

तीन वाजले होते. खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलं होतं. रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यांनी जुनी सिस्टीम उठवली. दातांचा जबडा समोर आला. त्यावर त्यांनी हातरुमाल टाकला, फक्त खालची पट्टी मोकळी ठेवली आणि 'बंद करा'वर माऊस दाबला.

स्क्रीन काळी झाली नाही. रुमालाखाली एक चौकोन उजळला. त्यांनी रुमाल उचलला. ते एकेक अक्षर लावून वाचायचे, तसं त्यांनी वाचलं. या कॉम्प्युटरवर आणखी एक जण काम करत आहे. आता बंद केल्यास त्याचं अपुरं काम नष्ट होईल. तरी बंद करायचं? खाली 'हो' आणि 'नको'.

पंधरा वर्षांत त्या कॉम्प्युटरवर त्यांच्याशिवाय कोणी बसलं नव्हतं.

त्यांनी बाण 'हो'वर नेला.

"अहो." दारात बायको उभी होती. दोन्ही हात गालांवर. "बघता का जरा? आत काहीतरी सरकतंय. घशाकडे."

"डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

"तुम्हीच बघा ना."

"उद्या बघतो."

ती जवळ आली. तो वासही आला. कवळीवाल्यांनी श्वास धरला. त्यांना वाटलं, तिला कळणार नाही. पण तीस वर्षांचा संसार होता.

"तुम्हाला माझी घाण वाटते आहे," ती म्हणाली. रागाने नाही. जणू कोणी गेल्याची बातमी सांगावी तसं. "दुखण्यात नाही वाटली, आणि आता?"

"तसं काही नाही."

"मग नाक का आवळलंत?"

एक हात माऊसवर होता. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी पुढे केलं. "उघड."

तिने तोंड उघडलं. हिरड्या कोऱ्या, गुलाबी. जीभ जागच्या जागी पडलेली. त्यांनी बोट खालच्या हिरडीवरून मागे नेलं. मऊ, गुळगुळीत, काही नाही. जबडा जिथे संपतो तिथे पोचले. तिथे हाड वर वळतं, हे त्यांना डोळे मिटूनही माहीत होतं.

हाड वळलं नाही. बोट पुढे गेलं.

पुढे पोकळी होती, आणि पोकळीत परत हिरडी होती, जाड, गार, आणि तिच्यातून उभी राहिलेली एक रांग. एक, दोन, तीन. चार. पाचवा तिरका. तिची जीभ त्यांच्या डोळ्यांसमोर स्थिर पडली होती, आणि तरीही बोटाच्या टोकावरून काहीतरी ओलं, खरखरीत सावकाश फिरलं. एकदा. मग उलट दिशेने.

त्यांनी बोट ओढलं. आलं नाही.

"सोड," ते म्हणाले.

तिला बोलता येत नव्हतं. तिने दोन्ही हात बाजूला पसरले, तोंड होतं त्याहून मोठं उघडलं, डोळ्यांनी विचारलं, मी कुठे धरलंय? खरंच नव्हतं धरलं. वरची हिरडी आणि खालची हिरडी यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. दाब मात्र वाढत होता. घाई नव्हती त्यात.

स्क्रीनवर बाण 'हो'वरच होता. एक बोट दाबायचं होतं. त्याचं अपुरं काम नष्ट होईल. काम कुठे चाललंय हे आता त्यांना कळलं होतं. कोणात, तेही. बायको त्यांच्याकडे बघत होती, पूर्ण विश्वासाने, जशी जखम धुताना बघायची. तिच्या गालांवर रंग होता. सात महिन्यांत ती इतकी बरी दिसली नव्हती.

कवळीवाल्यांनी माऊसवरचा हात उचलला.

दाब सैल झाला. बोट अलगद बाहेर आलं. नखाच्या खाली दोन्ही बाजूंनी कोरल्यासारख्या खुणा होत्या, आणि वर पांढरी लाळ.

"अगं बाई, काय लागलं?" बायको कळवळली. "बघू." आणि पोळलेलं बोट तोंडाशी धरतात तसं तिने त्यांचं बोट ओठांकडे नेलं.

त्यांनी हात हिसकावून घेतला. इतका जोरात की कोपर मशीनला आपटलं.

ती तशीच उभी राहिली, रिकामा हात पुढे धरून. मग तिने तो हात स्वतःच्या तोंडावर ठेवला आणि आत गेली.

संध्याकाळी मुलगी आली. तिला त्यांनी सांगितलं की राहू दे, दोन्ही असू देत. डॉक्टरीणबाईंचा स्कॅनर परत पाठवला. कवळीचा विषय कोणी काढत नाही, कारण बायकोची तब्येत सुधारली आहे. ती कणखर झाली आहे, चालते फिरते. फक्त बोलताना, हसताना तोंडावर हात ठेवते. कवळीवाले डबा घेऊन पुढच्या खोलीत बसतात. ती मागे जेवते, एकटी, दार लोटून. आता तिला पेज लागत नाही. वेळही फार लागत नाही.